उलटा बिल्ला

मिलवॉकीला फेब्रुवारीत माणसं नसतात,
नुसते कोट चालत असतात.
हे मी सांगते, कारण लेकसाइड थिएटरच्या कोटघरात
अकरा वर्षं मी त्यांना खुंटीवर टांगलंय
आणि कुणाच्या खिशात काय, ते मला वजनावरून कळतं.

त्या महिन्यात पडद्यावर एक जुनी धमाल होती:
नवरी स्वतःच्याच लग्नातून पळते,
तिला सगळे हिरेचोर समजतात,
खरी हिरेचोर तिच्या जागी वेदीपुढे उभी राहते,
आणि एक बदक, का कोण जाणे, शेवटपर्यंत सोबत असतं.
मला भिंतीपलीकडून फक्त हशा यायचा.
सिनेमा मी हशावरून पाठ केला:
बदकाला मोठा, पाद्र्याला त्याहून मोठा,
नवऱ्याला, बिचाऱ्याला, एकही नाही.

व्हर्ना पिएत्रोव्स्की दर गुरुवारी यायची.
राखाडी लोकरी कोट, वरचं बटण दुसऱ्याच रंगाचं.
खिशात साबणाची कुपनं, घराची किल्ली
आणि यादी: बटाटे, ब्लीच, लेनर्डचे मोजे.
लेनर्ड तळघरातलं पाणी उपसायचे पंप विकायचा
आणि जेवताना त्यांच्याबद्दलच बोलायचा.
'भांडत नाही गं तो,' ती एकदा म्हणाली,
'भांडला असता तर निदान माझ्याकडे तोंड तरी केलं असतं.'

तिचा आकडा अडुसष्ट.
पितळी बिल्ला उलटा धरला की होतो एकोणनव्वद.
एकोणनव्वदवर त्या रात्री बिबट्या लटकत होता,
ठिपक्याठिपक्यांचा, कॉलरला सिगारेटचा वास,
खिशात शिकागोच्या बसची दोन तिकिटं,
सॅक्सोफोनची पत्ती
आणि कुणाचा तरी सोन्याचा दात.

मी बिबट्या दिला.
ती म्हणाली, 'अहो, हा माझा...'
आणि थांबली. एक हात बाहीत गेला होता.
हात मेला असाच, आधी जातो, मग विचारतो.

बाहेर पिवळ्या मफलरचा एक उंच इसम
बर्फात पाय आपटत ओरडला,
'मॅक्सीन! बाई, पावणेदहाची बस आहे!
फोनवर आवाज केवढा, आणि उंची एवढीशी?'
व्हर्नाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.
मग तिने, जिने अठरा वर्षांत
मीट लोफमध्ये एक कांदा जास्त घालून पाहिला नाही तिने,
कॉलर वर केली:
'उशीर तुम्हाला झालाय. दात माझ्याकडे आहे.'

खरी मॅक्सीन दहा मिनिटांनी आली, केस विस्कटलेले.
उरला होता राखाडी. थंडी उणे एकोणीस. घातला.
कोपऱ्यावर घरघरत एक गाडी उभी,
टॅक्सी समजून ती मागे न बघता आत बसली.
लेनर्डनेही तिच्याकडे न बघता गिअर टाकला.
म्हणतात, तीन सिग्नल तो व्हॉल्व्हबद्दल बोलत होता,
आणि मॅक्सीन, जिच्या मागावर चार सावकार
आणि एक ट्रम्पेटवाला,
इतकी निवांत झोपली की घोरायला लागली.
घोरणं ऐकून तो वळला.
अठरा वर्षांत पहिल्यांदा.

एप्रिलमध्ये थिएटरच्या पत्त्यावर पार्सल आलं.
बिबट्या, ड्रायक्लीन केलेला. चिठ्ठी नाही.
वरचं बटण मात्र
दुसऱ्याच रंगाचं.

मॅनेजरने माझ्या पगारातून दोन डॉलर कापले,
विचारलं, 'चष्म्याचा नंबर वाढला का?'
म्हटलं, वाढला असेल.
आकड्याखाली एक रेघ कोरलेली असते, हे त्याला ठाऊक नाही.
अंधारातसुद्धा बोटाला लागते ती,
कुठली बाजू खाली, ते सांगते.

माझा स्वतःचा कोट शहाण्णववर असतो.
शहाणा आकडा.
उलटा करून पाहिलाय मी, बऱ्याचदा,
सगळे गेल्यावर.